पाचवं नाव

जालना रोडच्या कडेला सीताफळाच्या पाट्या दिसायला लागल्या की मी स्कूटर थांबवतेच. घ्यायची असोत नसोत, एक फळ हातात घेऊन डोळे उघडलेत का बघायचे, भाव विचारायचा, "लई महाग लावलीत हो" म्हणायचं आणि शेवटी घ्यायचीच. परवाही तसंच झालं. पाऊस सरला होता, ऊन पाठीला चटके देत होतं, आणि तेवढ्यात बायपासच्या बाजूनं मोटरसायकलचा आवाज आला. आधी बारीक, मग चढत गेलेला, मग एकदम तुटलेला. पाटीवाली कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आली बगा, त्या मैदानावरल्या पोरांची खाज पुन्हा सुरू झाली." मी हसले. त्या मैदानावर भोंग्यावरून एकदा माझंही नाव पुकारलं गेलंय, हे तिला सांगितलं असतं तर तिनं सीताफळं परत घेतली असती.

मी गारखेड्यात मेस चालवते. डबे कॉलेजच्या पोरांचे, हॉस्पिटलातल्या नर्सांचे, एकट्या राहणाऱ्या बँकवाल्यांचे. पहाटे कणीक मळायची आणि दुपारी स्कूटरला पुढं, मागं, दोन्ही हँडलला पिशव्या अडकवून निघायचं. आमचे हे एसटीत ड्रायव्हर, पोरगा गणेश वाळूजला कंपनीत शिफ्टवर. ज्या वर्षाची ही आठवण आहे त्या वर्षी घरात शीतल आली होती, माझी सून. पैठणच्या अलीकडच्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची लेक, बी.कॉम. झालेली.

आता हाताखाली माणूस मिळालं, असं सगळी गल्ली म्हणत होती. मीही म्हणत होते, खोटं कशाला बोलू? पोरगी कामाला वाघ. पण तोंडातून शब्द निघेल तर शपथ. "आई, मीठ बगा." "आई, झालं." संपलं. मी खोदून खोदून विचारायची. माहेरची आठवण येते का गं? नाय. गणेश काही बोलला का? नाय. मग काय दुखतंय बाई तुला? कायच नाय. अशा घुम्या माणसांचा मला भयंकर राग येतो, कारण मी भांडल्याशिवाय जेवत नाही.

पावसाळ्याच्या शेवटाला एक दिवस माझी स्कूटर पंक्चर झाली. डबे भरून तयार, पोरांचे फोनवर फोन. गणेशची मोटरसायकल दारात उभी होती. मी म्हटलं, रिक्षा बोलाव. ती म्हणाली, "मी नेते." मी हो-नाही म्हणेपर्यंत तिनं पिशव्या अडकवल्या, ओढणी कमरेला बांधली, किक मारली आणि गल्लीच्या वळणावर गाडी अशी झुकवली की समोरच्या ओट्यावरचे म्हातारे उठून उभे राहिले. परत आली तेव्हा तिच्या तोंडावर जे होतं ते लग्नाच्या एकाही फोटोत नाही.

"कढी सांडली?" मी दरडावलं.

"एक थेंब नाय, आई," ती म्हणाली आणि हसली. आमच्या घरात पहिल्यांदा, दात दाखवून.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बापानं कॅनॉलच्या रस्त्यावर गाडी शिकवलेली. कॉलेजात असताना तिनं आपल्या शहरातली मातीवरची रेस कुंपणाबाहेरून बघितलेली. दसऱ्यानंतर, जमीन वाळली की ती रेस होते, त्यात बायकांचाही गट असतो, आणि त्याची नियमावली ही बाई लग्नाआधीपासून मोबाइलात जपून ठेवून होती. "आई, मी नाव देऊ?"

मी तवा खाली उतरवला. "गणेशला विचारलंस?"

"ते म्हणले, आईला विचार."

हा आमचा गणेश! जन्मभर कुठलाही निखारा असो, माझ्याच पदरात. "आणि पडलीस तर?"

"आधी पडायलाच शिकतात, आई."

"बरं," मी म्हटलं. "पण कणीक मळून जायचं." खरं सांगते, मला त्या वेळी रेस म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मला ते हसणं परत बघायचं होतं, एवढंच.

नियमावली इंग्रजीत होती. शीतल पोळ्या लाटता लाटता वाचायची, मराठीत सांगायची, आणि मी भाजता भाजता हरकती घ्यायची. केवढे ते गट! गाडी किती सीसीची त्यावरून एक वाटणी. टू-स्ट्रोक वेगळी, फोर-स्ट्रोक वेगळी. कंपनीतून निघाली तशीच गाडी असेल तर एक पंगत, इंजिन उघडून ताकद वाढवली असेल तर दुसरी. कधीच न धावलेल्या नवख्यांचा गट, गावातल्यांचा गट, आणि पट्टीच्या लोकांचा ओपन गट, ज्यात कोणीही उतरावं आणि हाडं मोडून घ्यावीत.

"हे तर आपल्या मेससारखंच," मी म्हटलं. "फुल थाळी, हाफ थाळी, पार्सल. आणि बायकांचं काय?"

"बायकांचा एकच गट. गिअरची असो, बिनगिअरची असो, भारतातली कुठली बी गाडी. फक्त इंजिनला हात लावायचा नाय."

"म्हणजे खिचडी."

"व्हय, खिचडी," ती म्हणाली. मग लाटणं थांबवून तिनं शेवटची ओळ वाचली. स्टार्ट लाइनवर किमान पाच स्पर्धक नसतील तर तो गट रद्द. मागं दोन वर्षं बायकांचा गट असाच रद्द झाला होता. तिघी-चौघी जमायच्या, पाचवी मिळायची नाही, आणि आलेल्या पोरी फी परत घेऊन, तोंड पाडून घरी जायच्या. कुंपणाबाहेर उभं राहून शीतलनं तेही बघितलं होतं.

"नाय जमल्या तर पुढच्या वर्षी," ती हळूच म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. 'पुढच्या वर्षी' काय असतं ते मला विचारा. बारावीनंतर मी डी.एड.ला पुढच्या वर्षी जाणार होते. मग लग्न झालं, मग गणेश झाला, मग सासऱ्यांचं दुखणं निघालं. कोणी मला अडवलं नाही, कोणी 'नको' म्हटलं नाही, नुसतं वर्ष पुढं ढकलत गेलं. मी तिला सांगितलं, "पुढच्या वर्षी पोटात पोर असेल, नाहीतर काखेत. ह्याच वर्षी धावायचं. कर फोन, जमव पोरी." तिनं जमवल्या. हॉस्पिटलातली एक नर्स, जी आमचाच डबा खायची, जिम चालवणारी एक, कॉलेजच्या दोघी. शीतल धरून बरोब्बर पाच.

खर्चाचं म्हणाल तर फी ऐकून मी फसले. एवढीच? आपण लग्नात आहेर याहून मोठा करतो! पण फी हा नुसता उंबरठा होता. आत गेल्यावर कळलं की गाडीपेक्षा अंग झाकणं महाग. हेल्मेट असलं हवं की हनुवटीखालचा पट्टा दोन कड्यांतून ओवून आवळता आला पाहिजे. छातीला कवच, गुडघ्याला कवच, कोपराला कवच, हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे चामडी बूट. मातीत रुतणारे मोठ्या दातांचे टायर वेगळेच. आणि एवढ्यावर भागत नाही, रेसची गाडी रस्त्यावरून चालवत न्यायची नाही म्हणून तिला टेम्पो करायचा! नवरदेवाचे एवढे लाड नाही होत. पण त्याच नियमावलीत एक दयाळू ओळ होती, की सामान स्वतःचंच पाहिजे असं नाही, तपासणीत पास झालं म्हणजे बस. मग काय, अर्ध्या शहराचं सामान आमच्या घरात आलं. कवचं जिमवालीच्या भावाची, हातमोजे कोणा पोलिसाच्या पोराचे. घरभर परक्या घामाचा वास.

बूट मात्र मिळेनात, कारण शीतलचं पाऊल बारीक. ते शोधायला आम्ही दोघी शहागंजला गेलो. जुन्या फौजी बुटांच्या ढिगात बसलेले एक चाचा, पांढरी दाढी, चष्मा दोरीनं बांधलेला. शीतलनं एकेक बूट चढवून बघितला, टाचेवर उड्या मारल्या, खाली वाकून घोटा वळवला. चाचा बघत राहिले. शेवटी मला म्हणाले, "अम्मा, बहू कू फौज में भेजरे क्या?"

"फौजेत नाही हो, मोटरसायकलच्या रेसमध्ये."

"या अल्ला," चाचा म्हणाले. मग आत जाऊन फडक्यात गुंडाळलेला एक जोड घेऊन आले. लहान मापाचा, तेल लावून ठेवलेला. "ये लेके जाव. किसी के पाँव में नै आता था." त्या वर्षी शीतलची दिवाळीची साडी त्या बुटांत गेली, आणि परत येताना तिनं ती पिशवी मांडीवर अशी धरली होती की रिक्षावाल्याला वाटलं सोनंच घेतलंय.

गाडी होती तिच्या वडिलांची, जुनी. ती तयार केली आमच्या मागच्या गल्लीतल्या रफीकभाईनं. त्याचं गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड आणि एक रेडिओ. रफीकभाईला गाडीचं रॉकेट करायचं होतं आणि नियम त्याला करू देत नव्हते. "ये कैसी रेस है भाभी, हात बांध के खाने कू बिठा दिए," तो रोज कुरकुरायचा. इंजिनाला हात लावायचा नाही, पण बाकी गाडी ओरबाडून काढायची. आरसे काढा, स्टँड काढा, काचेचं जे जे फुटेल ते काढा, तेलाच्या बोल्टाला तार गुंडाळा म्हणजे धक्क्यानं सुटून ट्रॅकवर तेल सांडायला नको.

दसऱ्याला मी पूजेचं ताट घेऊन गेले तर गाडी ओळखू येईना. "अरे, दिवाच नाही! कुंकू कुठं लावू?" रफीकभाईनं लाजून टाकीकडं बोट दाखवलं. मी टाकीला कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, लिंबू-मिरची बांधली, चाकाखाली लिंबू ठेवलं. मागून रफीकभाईची अम्मी आली. तिनं हँडलला हिरवा दोरा बांधला, बांधताना ओठ हलत होते. दोघींनी मिळून गाडीचं असं लग्न लावल्यावर शीतल म्हणाली, "आई, नियमात सुटी वस्तू गाडीवर चालत नाय." मी म्हटलं, "ही सुटी कुठंय? गाठ मारलीय."

सरावाला ती माहेरी जायची. एका रविवारी मीही गेले. मका काढून झाला होता, कडबा लावून ठेवला होता, आणि भिजल्या-सुकल्या काळ्या मातीचा तो वास, ज्याला मी शहरात राहून विसरले होते. शेजारच्यांची ज्वारी पेरून झालेली. वापसा, पेरणीजोगी ती ओल, निघून चालला होता, माती 'आता पेरा' म्हणत होती, तरी शीतलच्या वडिलांनी एक मोठा तुकडा मोकळा ठेवला होता. त्यात त्यांनी बैलानं कुळव फिरवून गोल वाट काढली होती, मध्ये मातीचे उंचवटे. शीतल त्यावर फिरत होती आणि बांधावरून सगळं गाव बघत होतं.

"विहीणबाई," ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुमी नाय म्हणला असता तर मी तुमाला दोष दिला नसता."

मी म्हटलं, "पेरणीला उशीर होतोय तुमच्या."

"एक तुकडा उशिरा पेरला तर काय बिघडतंय? शाळू काय पळून जातो?" असं म्हणून ते हसले. तेवढ्यात शीतल पडली. ती उठली, गाडी उचलली, माती झटकली आणि पुन्हा बसली. वडील जागचे हललेही नाहीत. मी त्यांच्याकडं बघितलं तर त्यांची मूठ आवळलेली होती.

आणि मग तो दिवस. सकाळपासून मैदानावर टँकर पाणी मारत होता, भोंगा खरखरत होता, पोरं नुसती धुरळ्यात लोळत होती. मी सगळ्यांसाठी भाकरी-ठेचा घेऊन माझ्या स्कूटरवर गेले होते. तपासणीच्या रांगेत एक बारकासा साहेब हातात कटर घेऊन उभा होता. झेंडूची माळ त्यानं काढायला लावली, लिंबू-मिरची काढायला लावली. हिरव्या दोऱ्यापाशी आला आणि थांबला. "ताई, हे बी काढावं लागतंय. पण मी नाय कापत. तुमीच सोडा." अम्मीनं मारलेली गाठ! रफीकभाई दात लावून बसला, तेव्हा कुठं सुटली. दोरा शीतलच्या छातीच्या कवचाखाली गेला, आणि साहेबानं पास म्हणून टाकीवर खडूनं फुली मारली.

तेवढ्यात शीतलचा फोन वाजला. कॉलेजवाल्या दोघींपैकी एक. रडत होती. तिच्या वडिलांनी गाडीची चावी खिशात घातली आणि ते जालन्याला निघून गेले. भांडण नाही, शिवी नाही, नुसती चावी नेली.

चार. शीतलनं फोन खिशात टाकला आणि ती गाडीशेजारी खाली बसली. तिचं तोंड पुन्हा तसंच झालं, 'आई, मीठ बगा' वाल्या दिवसांसारखं. ते बघून मला जे झालं ते राग म्हणू, की रडू म्हणू? मी त्या बारक्या साहेबाशी भांडायला गेले. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "काकू, नियम म्हंजे नियम. चौघींची रेस घेतली तर उद्या तिघींची घ्या म्हणतेल. अर्धा तास थांबतो. आणा एक बाई."

गणेश कुंपणाशी उभ्या असलेल्या पोरींना विचारत फिरला. एकीकडं गाडी नाही, दुसरीकडं लायसन नाही, तिसरीचा नवरा सोबत. रफीकभाई म्हणाला, "दाढी काढून साडी नेसू क्या मैं?" कोणी हसलं नाही. मी बाभळीखाली लावलेल्या माझ्या स्कूटरकडं बघितलं आणि साहेबाला विचारलं, "वयाची अट किती?"

"अठराच्या पुढं. पन्नाशीच्या पुढं डॉक्टरची चिठ्ठी लागती." मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "काकू, लायसन हाय का?"

"वीस पोरांचे डबे काय वशिल्यावर पोचवते मी?"

उशिराच्या नावाला फी दुप्पट. भाजीचे पैसे मोजून दिले. साहेबानं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "फकस्त स्टार्ट लाइन वलांडा. वलांडली की गट धरला जातो. मंग दहा हातांवर बाजूला घ्या आन् उतरा. तेला नियमाची हरकत नाय." मी म्हटलं, हे सोपं आहे. निघायचं आणि थांबायचं.

शीतल धावत आली. "आई, नको. तुमाला काय झालं तर घरी मामंजींना मी काय तोंड दाखवू?"

"ह्यांना मी बघते. तू तुझी गाडी बघ."

पुढचा अर्धा तास मी कोणाच्या ताब्यात होते देव जाणे. अँब्युलन्समधल्या डॉक्टरीणबाईनं हाताला पट्टा गुंडाळला. "घाबरलात का, मावशी? थोडं वाढलंय." मी म्हटलं, "घाबरू नको तर काय फुगडी घालू?" तिनं चिठ्ठी दिली. हेल्मेटवर रक्तगट लिहावा लागतो, तो मला गणेशच्या बाळंतपणापासून पाठ होता. साडी चालत नाही म्हटल्यावर गणेशनं टेम्पोत जाऊन स्वतःची जीन्स काढून दिली आणि तो रफीकभाईची लुंगी गुंडाळून बसला. नवख्यांच्या गटातल्या हरलेल्या पोरांनी कवचं काढून दिली, एकानं बूट दिले. रफीकभाईनं स्कूटरचे आरसे उतरवले, स्टँड तारेनं बांधला, दिव्यांना चिकटपट्टी लावली. सीटखालचं सामान काढायला लावलं तर त्यातून एक पळी, रबरबँडांचा गठ्ठा, छत्री आणि सुकलेली कोथिंबीर निघाली. तपासणीवाला साहेब गालातल्या गालात हसला आणि त्यानं फुली मारली.

भोंग्यावरून पाच नावं पुकारली. पाचवं माझं. मैदानावरून कोणीतरी शिट्टी मारली.

झेंडा पडला. चौघी गेल्या, माती उडाली, मला काही दिसेना. मी लाइन ओलांडली. आता दहा हात. हात ब्रेकवर गेला. पण काय झालं माहीत आहे? गाडी हलकी होती. इतकी वर्षं मी ती स्कूटर चालवतेय, पण तिच्यावर डबे नाहीत असं कधी झालंच नव्हतं. जाताना भरलेले, येताना रिकामे, पण अडकवलेले तर असतातच. त्या दिवशी हँडल मोकळं होतं, पाय मोकळे होते, आमटी सांडायची भीती नव्हती. मी म्हटलं, त्या वळणापर्यंत जाते, मग उतरते. वळणावर म्हटलं, आता पुढच्या. साहेब हात हलवत होता, "काकू, बस! झालं!" मी त्याच्याकडं बघितलंच नाही.

निकाल सांगून टाकते, नाहीतर लोक तेच विचारतात. नर्स पहिली आली, शीतल दुसरी. माझा शेवटचा नंबर, आणि तोही एकदा आडवी होऊन. आमचे हे दोन दिवस बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी डेपोत स्वतःच सगळ्यांना सांगत सुटले. चावी खिशात घालून जालन्याला गेलेल्या बापाची पोरगी पुढल्या वर्षी धावली. कुंपणाला टेकून तो बापच तिला "आतून घे, आतून घे" म्हणून ओरडत होता. बायकांचा गट तेव्हापासून रद्द झालेला नाही. या वर्षी तर इतकी नावं आलीत की दोन तुकड्या कराव्या लागतील, असं शीतल काल सांगत होती. रविवारी सकाळी ती पोरींना पडायला शिकवते, मी नातवाला सांभाळते आणि कणीकही मीच मळते. हे सगळं चांगलं आहे, मला त्याचा आनंद आहे.

पण ह्या दिवसांत, ऊन असं तिरपं झालं की मला जे आठवतं ते निकालाच्या अलीकडचं आहे. मी एक राउंड पुरा केला होता. कंबर मोडली होती, हेल्मेटात श्वास कोंडला होता, आणि टेम्पोच्या टपावर उभा राहून लुंगीतला गणेश आधी "आई, थांब!" आणि मग "आई, चल!" असं ओरडत होता. तेवढ्यात वळणावरच्या माणसानं माझ्यासमोर निळा झेंडा हलवला. सकाळी त्याचा अर्थ सगळ्यांना सांगितला होता. मागून तुमच्याहून वेगात कोणीतरी येतंय, तिला वाट द्या. नर्सच्या वेळी मला तो कळलाच नव्हता, ती कशीबशी कडेनं गेली. ह्या वेळी कळला. आवाजावरूनही कळलं कोण ते. त्या गाडीचा आवाज मी महिनाभर ऐकत होते.

मी डावीकडं सरकले. अगदी कुंपणापर्यंत. शीतल शेजारून गेली, पुढं झुकलेली, कोपरं वर, आणि तिच्या मागच्या चाकानं माझ्यावर ओंजळभर ओली माती फेकली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, आणि बघायचंही नव्हतं. मी हेल्मेटात मोठ्यानं ओरडले, "जा गं बाई, जा! मागं बघू नको!" डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात रिकामा नव्हता.

ती वळणाआड गेली. साहेब अजून मला बाहेर यायची खूण करत होता, आणि मी मान हलवून त्याला नाही म्हटलं. माझा एक राउंड बाकी होता.